पिशवी बदलूनही कुत्र्याचे पोट पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा : परवडणारे खाद्य निवडण्याची रीत

नवीन खाद्याची पिशवी आणली, पहिले काही दिवस कुत्र्याने आवडीने खाल्ले, मग शी पातळ होऊ लागली किंवा तो भांड्याकडे पाहून तोंड फिरवू लागला, म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने दुसरी पिशवी आणली आणि महिन्याभरात पुन्हा तेच, अशी तक्रार बेळगाव शहरातील वसाहतींपासून खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या शेतवडीतील घरांपर्यंत सारखीच ऐकू येते. प्रत्येक फेरीत पिशवी थोडी महाग होत जाते आणि शेवटी ‘आमच्या कुत्र्याला कुठलेच खाद्य मानवत नाही’ असे ठरवून घर पुन्हा दूध-भाकरीवर येते. माझे मत असे की या फेऱ्यांचे कारण बहुतेक वेळा बदलाची घाई, पिशवीबाहेरून तोंडात पडणारे पदार्थ आणि किलोच्या भावावर डोळा ठेवून केलेली निवड यांत सापडते; पिशवीतील दाण्यांचा क्रम त्यानंतर लागतो. म्हणून आधी पोट का बिघडते ते तपासावे, ते स्थिरावले की मगच खिशाला झेपणारे खाद्य निवडावे. उलट क्रमाने गेल्यास चांगले खाद्यही विनाकारण बदनाम होते.

घरी थांबून तपासत बसू नये अशी काही लक्षणे मात्र आहेत. शीमध्ये रक्त, वारंवार उलटी, पाणीही पोटात न टिकणे, मरगळ, पिवळसर दिसणाऱ्या हिरड्या किंवा डोळे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला जुलाब आणि उलट्या एकदम सुरू झाल्या तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शक्यता धरूनच निघावे, कारण तिथे अर्धा दिवसही महत्त्वाचा असतो. आणि माणसांसाठी घरात ठेवलेली ताप, दुखणे किंवा जुलाबाची गोळी कुत्र्याला देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या दोन्हींनी कुत्र्यांना गंभीर विषबाधा होते.

घराचे पंचांग आणि कुत्र्याचे पोट

पोट कधी बिघडते याची महिनाभर नोंद ठेवली की एक गोष्ट लक्षात येते : घराचा स्वयंपाक बदलला की कुत्र्याचेही खाणे बदलते. एरवी दाण्यांबरोबर रोज अंडे किंवा रविवारी कोंबडी मिळणाऱ्या कुत्र्याला श्रावण लागला की एकदम दही-भात सुरू होतो. श्रावण आणि गणपती आटोपून पहिली कोंबडी शिजली की त्याच कुत्र्याला कातडीसकट भरपूर मांस मिळते. पितृपक्षात खीर-वडे, दिवाळीत तळलेला फराळ, मार्गशीर्षात पुन्हा गुरुवारचा उपवास. आतड्यातील जिवाणूंची वस्ती रोजच्या अन्नाला सरावलेली असते आणि तिला नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. एका रात्रीत केलेला बदल, मग तो महागड्या खाद्याचा असो वा घरच्या भाताचा, पोटाला सारखाच धक्का देतो.

आपल्याकडची गावोगावची लक्ष्मीयात्रा, म्हणजे ग्रामदेवीची जत्रा, हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. घरोघरी मटण शिजते, पै-पाहुणे येतात, आणि प्रत्येक पाहुणा प्रेमाने एक हाड टाकतो. शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे पडतात, ते घशात किंवा आतड्यात अडकतात, बद्धकोष्ठ होते, आणि चरबीचा भाग जास्त गेल्यास स्वादुपिंडाला सूज येऊन उलट्या आणि तीव्र पोटदुखी सुरू होते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ‘परवा आणलेले खाद्य लागले’ असा निष्कर्ष निघतो, तो चुकीचा असतो. यात्रेच्या दिवसांत कुत्र्याला मागच्या अंगणात बांधून ठेवणे आणि पाहुण्यांना स्पष्ट सांगणे, हा त्यावर मला दिसणारा एकमेव उपाय आहे, जरी तो पाहुण्यांना कोरडेपणाचा वाटला तरी.

काही पदार्थ थोडेसेही नकोत. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा रश्श्यात शिजलेले, तांबड्या रक्तपेशींची हानी करतात, म्हणजे भाकरीवर ओतलेला मटणाचा रस्सा हा लाड ठरत नाही. द्राक्षे आणि बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अथणी आणि विजापूरच्या द्राक्षपट्ट्यात बागेच्या किंवा बेदाण्याच्या शेडच्या राखणीला कुत्रे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि गोकाकच्या करदंट या मिठाईत मनुका असतील तर त्याचा तुकडाही देऊ नये. या विषबाधेबाबत टार्टारिक आम्लाकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते चिंचेतही भरपूर असल्याने चिंचेची आमटीही टाळलेली बरी. चॉकलेट आणि ‘शुगर फ्री’ पदार्थांतील झायलिटॉल हे तर उघड विष. कुंद्याने विषबाधा होत नाही, पण दूध आणि साखर आटवलेला तो गोळा पोट बिघडवायला पुरेसा असतो.

राहता राहिले दूध. पिल्लूपण संपले की बहुतेक कुत्र्यांत दुधातील साखर पचवणारे विकर कमी होत जाते, त्यामुळे वाटीभर दुधाने काहींना हमखास जुलाब होतात आणि काहींना होत नाहीत. आपल्या कुत्र्याबाबत खात्री नसेल तर तपासणीच्या काळात दूध पूर्ण बंद ठेवावे.

तपासणीचे दोन आठवडे

आता प्रत्यक्ष कृती. सध्या जे खाद्य चालू आहे तेच, मोजून, दिवसातून दोन वेळा, दोन आठवडे द्यावे. त्याशिवाय बिस्कीट, दूध, भाकरीचा तुकडा, शेजारच्या घरातील उष्टे, काहीही नको. घरातील प्रत्येकाला, विशेषतः आजी-आजोबांना, हे आधी समजावून सांगावे लागते, कारण चहाबरोबर बटरचा किंवा ग्लुकोज बिस्किटाचा तुकडा द्यायची सवय त्यांच्याकडे असते आणि ती प्रेमापोटी असल्याने कोणी मोजत नाही. सुरुवातीला शी फारच पातळ असेल आणि कुत्रा मोठा, चपळ व पाणी पिणारा असेल, तर दोन-तीन दिवस मऊ भात आणि कातडी काढलेली उकडलेली कोंबडी किंवा उकडलेले अंडे थोडे थोडे चार वेळा देऊन मग हळूहळू नेहमीच्या दाण्यांवर आणावे. शी आकार धरणारी आणि उचलल्यावर जमिनीवर फारसा डाग न ठेवणारी असली की पोट ठीक समजावे.

याच काळात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून शीची तपासणी करून घ्यावी. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे लागते, पिल्लांना त्याहून पुष्कळ लवकर लवकर. परंतु जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी नेहमीच्या एका गोळीने जात नाहीत आणि पातळ शी महिनोन्महिने येत-जात राहते, ज्याचा दोष प्रत्येक वेळी नव्या पिशवीवर ढकलला जातो. तपासणीचा खर्च एका छोट्या पिशवीपेक्षा सहसा जास्त नसतो.

दोन आठवड्यांत पोट स्थिर झाले, तर खाद्य निर्दोष ठरले आणि बाहेरचे पदार्थ दोषी ठरले. जंत नसताना, मोजून देऊनही, पोट स्थिर झाले नाही तरच खाद्य बदलण्याचा विचार करावा, आणि तोही सात ते दहा दिवस घेऊन : पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुने आणि एक भाग नवे, पुढचे दोन-तीन दिवस निम्मे-निम्मे, मग एक भाग जुने आणि तीन भाग नवे, आणि शेवटी पूर्ण नवे. जुनी पिशवी तळाला जाण्याआधीच नवी आणून ठेवली नाही, तर हे वेळापत्रक कागदावरच राहते. दुकानात ‘आज ते नाही, हे घेऊन जा’ असे ऐकून दुसरेच खाद्य घरी येणे, हे वारंवार पोट बिघडण्याचे फार साधे आणि फार दुर्लक्षित कारण आहे.

खाज आणि केसगळतीसाठीही लोक पिशव्या बदलतात. इथे आधी गोचीड आणि पिसवा पाहाव्यात, कारण गुरांचा गोठा जवळ असलेल्या घरांत त्यांचाच उपद्रव अधिक असतो. खाद्याची खरी ॲलर्जी त्या मानाने कमी आढळते. ती बहुधा बीफ, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी किंवा गहू यांतील प्रथिनाची असते, आणि ती ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे पशुवैद्याच्या देखरेखीखाली सुमारे आठ आठवडे, पूर्वी कधीही न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर कुत्र्याला ठेवून पाहणे. दर पंधरा दिवसांनी ब्रँड बदलून हे कधीच कळणार नाही.

पावसाळ्यात बिघडणारी पिशवी

खाद्य स्वतः दोषी असते असा एक प्रसंग मात्र नियमित येतो, आणि तो आपल्या भागात जून ते सप्टेंबर या काळात येतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे ज्या प्रकारचा पाऊस पडतो त्यात उघड्या पिशवीतील दाणे काही दिवसांतच हवेतील ओल ओढून घेतात, त्यातील चरबी खवट होते आणि बुरशी धरते. स्वस्त खाद्यांत मका मोठ्या प्रमाणात असतो, आणि दमट जागी साठवलेल्या मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करते. हे विष घरच्या उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे ओलसर दाणे तव्यावर भाजून किंवा उन्हात वाळवून पुन्हा वापरणे ही काटकसर ठरत नाही. वास बदललेले, गुठळ्या झालेले किंवा पावडर धरलेले खाद्य टाकूनच द्यावे, आणि गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये.

याच कारणाने किलोवर सुटे विकले जाणारे दाणे घेऊ नयेत असे मी आग्रहाने सांगेन. पारदर्शक पिशवीत भरलेल्या त्या दाण्यांवर ना उत्पादनाची तारीख असते, ना घटक, ना ते मूळ पोते कधी उघडले याचा पत्ता. किलोमागे वाचणारे पैसे एका सलाईनच्या बाटलीत जातात.

पिशवी उघडल्यानंतर ती साधारण सहा आठवड्यांत संपावी या हिशेबाने आकार निवडावा. दाणे मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवावी; डब्यात मोकळे ओतल्यास आधीच्या दाण्यांची खवट चरबी तळाशी राहते, आणि तारीख व बॅच क्रमांक छापलेली पिशवी कचऱ्यात जाते.

किलोचा भाव आणि दिवसाचा खर्च

आता निवडीकडे. दुकानात आपण किलोचा भाव विचारतो, पण कुत्रा किलो खात नाही, तो कॅलरी खातो, आणि दोन खाद्यांत एका किलोतील कॅलरी बरीच वेगळी असते. म्हणून तुलना दिवसाच्या खर्चाची करावी. त्यासाठी दोन आकडे लागतात : कुत्र्याची दिवसाची गरज आणि खाद्यातील कॅलरी.

गरजेसाठी पशुवैद्यकात एक रूढ सूत्र आहे. किलोतील वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेतील गरज मिळते, आणि नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला साधारण १.६ ने गुणतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे जमते. २० किलोच्या कुत्र्यासाठी उत्तर येते सुमारे १०६० कॅलरी, १० किलोच्या कुत्र्यासाठी ६३० आणि ६ किलोच्या पॉमेरेनियनसाठी ४३०. प्रत्येक कुत्र्यागणिक यात बराच फरक पडतो, त्यामुळे हा आकडा सुरुवातीपुरता मानून पुढे वजनाप्रमाणे कमी-जास्त करावा.

खाद्यातील कॅलरी काही पिशव्यांवर छापलेली असते. नसेल तर लेबलवरून अंदाज काढता येतो : प्रथिने आणि पिष्टमय भाग यांच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ आणि चरबीच्या ग्रॅमला ८.५ कॅलरी धरतात. पिष्टमय भाग म्हणजे शंभरातून प्रथिने, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (खनिजांचा भाग) वजा जाता उरेल तो, आणि राखेचा आकडा नसेल तर ७ ते ८ टक्के धरावा.

हिशेबापुरती दोन खाद्ये घेऊ. पहिले १९० रुपये किलोचे : प्रथिने २० टक्के, चरबी ८, तंतू ५, ओलावा १०, राख ८, म्हणजे पिष्टमय भाग ४९ आणि शंभर ग्रॅमला सुमारे ३१० कॅलरी. दुसरे २६० रुपये किलोचे : प्रथिने २४, चरबी १४, तंतू ४, ओलावा १०, राख ७, पिष्टमय भाग ४१ आणि शंभर ग्रॅमला सुमारे ३४६ कॅलरी. २० किलोच्या कुत्र्याला पहिले खाद्य दिवसाला ३४२ ग्रॅम लागेल, दुसरे ३०६ ग्रॅम. खर्च अनुक्रमे ६५ आणि ८० रुपये. किलोच्या भावात ७० रुपयांचा, म्हणजे जवळजवळ ३७ टक्क्यांचा दिसणारा फरक रोजच्या खर्चात २२-२३ टक्क्यांवर येतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दिवसाला मिळणारी प्रथिने पहिल्यात ६८ ग्रॅम आणि दुसऱ्यात ७३ ग्रॅम आहेत, म्हणजे प्रथिनांत फार मोठी तफावत नाही. हा कुत्रा मोठा, तंदुरुस्त आणि घरातच फिरणारा असेल आणि पहिल्या खाद्यावर त्याची शी, कातडी व वजन ठीक असेल, तर महिन्याला साडेचारशे रुपये जास्त मोजण्याचे कारण मला दिसत नाही. दिवसभर शेताची राखण करणाऱ्या, पळणाऱ्या कुत्र्याला मात्र चरबी जास्त असलेले दुसरे खाद्य उपयोगी पडेल.

मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते, पण तीही सगळ्यांना नाही. १५ किलोची पिशवी या २० किलोच्या कुत्र्याला ४४ दिवस पुरते, म्हणजे सहा आठवड्यांच्या मर्यादेपेक्षा एक-दोन दिवसच जास्त. तीच पिशवी पॉमेरेनियनला, दिवसाला सुमारे १४० ग्रॅमप्रमाणे, साडेतीन महिने पुरेल, आणि शेवटचे दोन महिने तो खवट दाणे खाईल. लहान कुत्र्यासाठी ३ किलोची पिशवी महाग वाटली तरी तीच खरी स्वस्त; किंवा एकाच गल्लीत तेच खाद्य घेणारी दोन-तीन घरे असतील तर मोठी पिशवी उघडल्याच दिवशी वाटून घ्यावी आणि पिशवीवरील तारखेचा फोटो प्रत्येकाने ठेवावा.

ओल्या खाद्याच्या पाकिटाचा हिशेबही करून पाहावा. त्यावर प्रथिने ८ टक्के आणि ओलावा ८० टक्के असतो. ओलावा वजा केला तर कोरड्या भागात प्रथिने ४० टक्के येतात, जे फार चांगले आहे, परंतु एक किलो पाकिटांत प्रथिने ८० ग्रॅम आणि पाणी ८०० ग्रॅम असते, तर २० टक्क्यांच्या एक किलो दाण्यांत प्रथिने २०० ग्रॅम. आजारी किंवा दात गेलेल्या कुत्र्यासाठी ही पाकिटे ठीक आहेत, रोजच्या जेवणासाठी नाहीत.

लेबल वाचताना

पहिली गोष्ट पाहावी ती म्हणजे खाद्य ‘कम्प्लीट’ म्हणजे परिपूर्ण आहे की केवळ पूरक, आणि ते पिल्लासाठी आहे की प्रौढासाठी. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या एएएफसीओ या संस्थेच्या मानकानुसार कोरड्या भागात प्रौढासाठी किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत, चरबी अनुक्रमे ५.५ आणि ८.५ टक्के, आपल्याकडच्या अनेक पिशव्यांवरही या मानकाचा उल्लेख असतो. वरच्या पहिल्या खाद्यात ओलावा वजा करता प्रथिने २२.२ टक्के येतात, म्हणजे प्रौढासाठी पुरेशी आणि पिल्लासाठी किंचित कमी.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ताज्या कोंबडीच्या वजनात बराचसा भाग पाणीच असल्याने यादीत पहिले ‘ताजे चिकन’ पाहून भुलू नये, आणि ‘चिकन मील’ म्हणजे पाणी काढलेला, प्रथिनांनी दाट घटक असल्याने त्याला हलकेही समजू नये. ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही. शिजलेले धान्य कुत्र्याला पचते. माणसाच्या सहवासात राहून त्याच्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढलेल्या आहेत. शिवाय धान्याऐवजी वाटाणा-मसूर भरलेल्या अशा खाद्यांचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केला होता. कारण सिद्ध झाले नाही, पण महाग म्हणून ते सुरक्षित, असे म्हणायला तिथे आधार उरत नाही.

भाकरीचे काय?

हा प्रश्न आपल्या भागात टाळता येत नाही, आणि ‘घरचे काही देऊ नका’ एवढे सांगून तो सुटतही नाही. २० किलोच्या कुत्र्याची १०६० कॅलरीची गरज नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर भागवायची तर सुमारे ३१० ग्रॅम पीठ लागेल. त्यातून ३१ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतील, तीही लायसिन या आवश्यक अमिनो आम्लात कमी. वरील मानकानुसार हवीत ती ४८ ग्रॅम. दोन-तीन अंडी घातली तर प्रथिनांची बाजू बरीचशी सावरते, कारण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. खरी खोट कॅल्शियमची आहे. या कुत्र्याला दिवसाला साधारण १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे आणि शंभर ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते, म्हणजे दिवसभराच्या भाकऱ्यांतून शंभरही मिळत नाही. कणीचा भात आणि कोंबडी हे अनेकांचे आवडते जेवणही याच बाबतीत फसते : मांसात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे शरीर हाडांतून कॅल्शियम ओढते, आणि केवळ मांस-भातावर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकलेले व सहज मोडणारे दिसतात. खानापूरच्या पश्चिमेकडे पिकणाऱ्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून आंबील किंवा नाचणीची भाकरी ज्वारीपेक्षा सरस खरी, मात्र तिच्यातील फायटेट नावाच्या घटकामुळे त्या कॅल्शियमचा काही भाग शोषलाच जात नाही.

अंड्याच्या कवचाची बारीक पूड ही कॅल्शियमची स्वस्त सोय आहे. एका कवचातून सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम मिळते, म्हणजे अशा कुत्र्याला दिवसाला पाऊण कवचापेक्षा कमीच पुरेल. परंतु जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची उणीव कवच भरून काढत नाही. पूर्ण घरचेच खाणे द्यायचे असेल तर पशुवैद्याकडून जीवनसत्त्व-खनिजांचे मिश्रण आणि त्याचे माप ठरवून घ्यावे, नाहीतर परिपूर्ण खाद्य मुख्य ठेवून घरचा भाग एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवावा. २० किलोच्या कुत्र्याला याचा अर्थ एक उकडलेले अंडे, किंवा मोठ्या भाकरीचा जेमतेम अर्धा भाग. हाताएवढी एक भाकरी अडीचशे कॅलरीपर्यंत जाते. पॉमेरेनियनला ती पूर्ण मिळाली तर त्याची दिवसाची निम्म्याहून अधिक गरज तिथेच संपते, आणि मग तो दाणे का खात नाही याचा शोध घेण्याची गरज राहत नाही.

शाकाहारी घरांतून, विशेषतः जैन आणि लिंगायत कुटुंबांतून, कुत्र्याला शाकाहारी खाद्यावर ठेवता येते का असे विचारले जाते. कुत्र्याला येते, मांजराला नाही; मात्र ते सोया वगैरे प्रथिनांवर आधारलेले, ‘परिपूर्ण’ असे छापलेले तयार खाद्य हवे. घरच्या वरण-भातावर हे साधणे कठीण आहे. श्रावणात अंडी बंद होणाऱ्या घरांनी वर्षभरच अंड्याऐवजी दाण्यांवर विसंबलेले सोपे, म्हणजे दर वर्षीचा तो धक्का टळतो.

पिल्लांबाबत एकच इशारा. पिल्लाच्या परिपूर्ण खाद्यावर वरून कॅल्शियमचे सिरप घालण्याची पद्धत फार पसरली आहे. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या लहान पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, आणि त्याचे परिणाम हाडांच्या व सांध्यांच्या विकृतीत दिसतात. सिरपचे पैसे वाचवून पिल्लाच्या चांगल्या खाद्यात घालावेत.

खाल्ले नाही तर, आणि किती द्यायचे

मोठा, निरोगी कुत्रा नवीन दाण्यांकडे पाठ फिरवत असेल तर भांडे पंधरा-वीस मिनिटे ठेवून उचलावे आणि पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नये. वर रस्सा ओतला की आपण त्याला रुसण्याचेच बक्षीस देतो. थोडे कोमट पाणी घालून वास मोकळा करणे एवढी सवलत पुरते. चोवीस तासांहून अधिक काळ त्याने काहीच खाल्ले नाही, किंवा लहान पिल्लू एक-दोन वेळा जेवले नाही, तर हा हट्टाचा प्रश्न न मानता दवाखाना गाठावा. गोचिडांच्या तापात भूक जाणे हे पहिल्या लक्षणांपैकी एक आहे.

माप नेहमी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर करावे, वाटीने नाही, कारण दाण्यांचा आकार बदलला की त्याच वाटीत वेगळे वजन बसते. बरगड्या हाताला सहज लागाव्यात पण डोळ्यांत भरू नयेत, आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसावी, हा सर्वसाधारण निकष. मुधोळ कुत्र्याला तो तसाच लावू नये. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळची ही शिकारी जात मुळातच सडपातळ आहे, तिच्या शेवटच्या काही बरगड्या आणि कमरेची हाडे दिसणे स्वाभाविक आहे, आणि तिला ‘खायला घालत नाही’ अशा टोमण्यांना घाबरून भरमसाट खाऊ घालणारे मालक तिचा वेग घालवतात. तिच्या बाबतीत मांडीचे स्नायू भरलेले आहेत का ते पाहावे. याच्या उलट लॅब्राडॉर : त्यांतील साधारण चौथ्या हिश्श्यातील कुत्र्यांमध्ये भूक आवरणाऱ्या जनुकात दोष आढळतो, त्यामुळे तो मागतो म्हणून द्यायचे ठरवले तर माप कधीच संपणार नाही.

नवीन खाद्य पूर्ण सुरू झाल्यावर दर दोन आठवड्यांनी वजन करावे. काटा छोटा असेल तर आधी कुत्र्याला घेऊन आणि मग एकट्याने उभे राहून वजाबाकी करावी, मोठ्या कुत्र्याचे दवाखान्यात करावे. वजन नको तिकडे सरकत असेल तर रोजचे माप दहा टक्क्यांनी कमी किंवा जास्त करावे आणि पुन्हा दोन आठवडे थांबावे; त्याआधी ना माप बदलावे, ना पिशवी.